कोरं पान

प्रगतिपुस्तकातला शेरा हे शिक्षकाचं सर्वांत छोटं लेखन. जेमतेम दोन ओळींची जागा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका संध्याकाळी अख्ख्या वर्गाचे शेरे लिहून मोकळा व्हायचो. ‘वर्तन चांगले. अभ्यासात सातत्य हवे.’ अमळनेर आणि धुळ्याच्या शिवेवरचं आमचं गाव, बोली अहिराणी, बहुतेक पालक शेतमजूर. निकालाच्या दिवशी एक वडील आले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या हातात स्वतःच्या मुलाचं आणि शेजारच्या पोराचं अशी दोन प्रगतिपुस्तकं होती. मी दोन्ही शेरे वाचून दाखवले. ते शांतपणे म्हणाले, “सर, हाई सगळास्ले सारखंच लिखेल शे का?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. वर्षभर ते लेकरू माझ्यासमोर बसत होतं आणि त्याच्याबद्दल माझ्यापाशी त्याचं असं एकही वाक्य नव्हतं.

त्यानंतर मी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलाला चार पानं. नियम एकच : विशेषण लिहायचं नाही, मुलानं केलेलं काम लिहायचं. ‘हुशार’, ‘गुणी’, ‘होतकरू’ हे शब्द बाद. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी हा आमच्या कामाचाच भाग झाला. तयार नोंदींच्या पुस्तिकाही बाजारात मिळू लागल्या. पण उतरवून काढलेली नोंद मुलापर्यंत पोहोचत नाही. आपल्यालाच पाहून लिहिलंय की नाही, हे पोरांना लगेच कळतं.

महिन्याभरानं वही चाळली तेव्हा काही पानं भरून गेली होती आणि काही कोरीच होती. त्या मुलांनी काही केलं नव्हतं असं नाही. माझी नजर तिकडे गेली नव्हती. कोरं पान म्हणजे माझं राहिलेलं काम. मग मी अशा एकेका मुलाजवळ मधल्या सुट्टीत बसू लागलो.

अशीच एक मुलगी. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की ती शाळेत दिसायची नाही. लेखी गणितात कायम मागे. एकदा सहज विचारलं, “वेचणीचा हिशेब कोण करतं गं?” म्हणाली, “मीच.” संध्याकाळी काट्यावर आईचा कापूस मोजला की किलोच्या दरानं मजुरी किती, हे ती उभ्या उभ्या सांगायची. मी विचारलं, एकोणीस किलो, सात रुपयांनी? पापणी लवायच्या आत उत्तर आलं, एकशे तेहतीस. दुसऱ्या दिवशी परिपाठाला फळ्याच्या कोपऱ्यात तिचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं : ‘१९ × ७ तोंडी केलं. आईचा हिशेब हीच ठेवते.’ ती फळ्याशी जाऊन दोनदा वाचून आली. मैत्रिणीला म्हणाली, “मनं नाव उनं!” (माझं नाव आलं!) लेखी गणित तिला सुधारायला पुढे वर्ष लागलं, पण त्या दिवसापासून ती वही उघडून बसू लागली.

मुलांसाठी असं लिहिण्याचा मोठा वस्तुपाठ आमच्या अमळनेरातच होऊन गेला. १९२४ ते १९३० साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतः हातानं लिहून काढत. मूठभर वाचकांसाठी रोज जागून लिहायचं, ही माया मला प्रत्येक कोऱ्या पानाशी आठवते.

आणि आठवतात असोद्याच्या बहिणाबाई. शाळा कधी पाहिली नाही, लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी ती ऐकली, कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर वर्षभरात, संग्रह निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. गाणं त्यांच्यापाशी होतंच; आपल्यापर्यंत आलं ते कुणीतरी टिपून ठेवलं म्हणून.

निकाल लागले की जून-जुलैत खान्देशभर गुणगौरव सोहळे होतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. ते व्हायलाच हवेत. मजुराच्या लेकीला टाळ्या मिळतात तेव्हा मागच्या रांगेतल्या बापाची मान ताठ होते. पण तिथे पहिले तीन-चार क्रमांकच मंचावर चढतात. उरलेल्यांचा गौरव वर्गशिक्षकालाच करावा लागतो, आणि वर्षातून एकदा करून भागत नाही.

खोटं कौतुक करू नये. ज्याचं अक्षर वाईट आहे त्याला सुंदर म्हणू नये. पण माठ रोज न सांगता भरणारा, नव्या मुलाला आपल्या बस्करावर जागा देणारा, उलटा धरलेला नकाशा सुलटा करून देणारा, हे सगळे खरे आहेत. त्यांचं काम नावानिशी, सगळ्यांसमोर सांगावं.

शिक्षक मित्रांनो, यंदा जूनमध्ये अशी वही घाला. आणि हजेरीतल्या शेवटच्या नावापासून सुरुवात करा.