कोणत्या भूमीवर?

म्हैसूरहून मडिकेरीला जाणाऱ्या रस्त्यावर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी, हुणसूर हे तालुक्याचे गाव लागते. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या प्रांतात आल्यापासून माझे बिऱ्हाड येथे आहे. भोवतालच्या शेतांतून व्हर्जिनिया तंबाखू पिकते. व्यापारी या पानाला कर्नाटकाच्या हलक्या जमिनीचे पान म्हणून ओळखतात आणि आंध्रातील काळ्या जमिनीच्या पानापासून ते वेगळे ठेवतात. पानाचा गुण बियाण्याइतकाच जमिनीचाही असतो, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हाच रस्ता पुढे कोडगूत, म्हणजे रोहन बोपण्णाच्या मुलखात जातो. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाने महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. तेव्हापासून आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना माझ्याशी टेनिसवर बोलण्याचा जणू अधिकारच प्राप्त झाला आहे. त्यांचा आवडता प्रश्न एकच : फेडरर मोठा की नडाल? मी विचारतो, ‘कोणत्या भूमीवर, मास्तर?’ त्यांना ही टाळाटाळ वाटते. वस्तुतः त्यांच्या प्रश्नाचा तोच गाभा आहे, असे माझे मत आहे. आणि तो केवळ टेनिसपुरता नाही.

लाल मातीवर आपटलेला चेंडू घर्षणामुळे मंदावतो आणि उंच उसळतो. हिरवळीवर तोच चेंडू फारसा वेग न गमावता सरपटत, बुटका येतो. म्हणून हिरवळ बिनतोड सर्व्हिसला आणि जाळ्याजवळच्या व्हॉलीला फळ देते. माती चिकाटीला, पायांना आणि टॉपस्पिनला. फेडरर आणि नडाल एकमेकांविरुद्ध ४० सामने खेळले. नडालने २४ जिंकले, फेडररने १६. एवढ्यावर निकाल देता येईल. परंतु हे आकडे भूमीनुसार मांडले की चित्र पालटते. मातीवर नडाल १४, फेडरर २. हार्ड कोर्टवर फेडरर ११, नडाल ९. हिरवळीवर फेडरर ३, नडाल १. डावखुऱ्या नडालचा गरगरत येणारा फोरहँड मातीवरून उसळून फेडररच्या एकहाती बॅकहँडपाशी खांद्याच्या उंचीवर पोहोचे, आणि तेथे तो देखणा फटका पांगळा होई. हिरवळीवर तोच चेंडू खाली राही आणि तोच बॅकहँड मोकळा होई. फेडररचा हात तोच होता, नडालचाही तोच. पायाखालची भूमी तेवढी बदलली होती.

भूमीचा भाग सोडला, तरी शैलींचे आपसातले नातेही सरळ नसते. निकोलाय दाविदेंको हा रशियन खेळाडू फेडररकडून २१ पैकी १९ वेळा हरला. त्याच दाविदेंकोने नडालविरुद्धच्या ११ सामन्यांत ६ जिंकले. फेडरर दाविदेंकोला भारी, दाविदेंको नडालला भारी, म्हणून फेडरर नडालला भारी, हे अनुमान तर्कशास्त्राच्या वर्गात शोभेल. कोर्टावर ते टिकत नाही. एकाची शैली दुसऱ्याच्या नेमक्या दुबळ्या जागी लागते, तिसऱ्याच्या लागत नाही. गुणांची उतरंड रचणाऱ्याला ही गोष्ट नेहमीच अडचणीची असते.

मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व त्यांचे विजेते अखेरीस समोरासमोर येतात. ती शेवटची कुस्ती कोठेतरी लावावीच लागते, आणि तिची जागा ठरली की अर्धी चर्चा तेथेच सुरू होते. डेव्हिस चषकात तर यजमान देशाला भूमी निवडण्याचा हक्कच असतो. १९८७ साली भारताने मातीवर वाढलेल्या अर्जेंटिनाला दिल्लीच्या हिरवळीवर ३-२ असे हरवले. पुढे सिडनीच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियालाही त्याच फरकाने हरवले. रमेश कृष्णनच्या हळुवार, नेमक्या फटक्यांना आणि विजय अमृतराजच्या सर्व्हिस-व्हॉलीला ती भूमी मानवत होती. अंतिम सामना स्वीडनमध्ये होता. स्वीडिश संघाने गोथेनबर्गच्या बंदिस्त सभागृहात माती अंथरली आणि भारत ०-५ असा हरला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी सिडनीत जिंकलेली माणसे त्या अवधीत काही खेळ विसरली नव्हती.

यावर कोणी म्हणेल की मग सगळी कोर्टे सारखी करावीत. काही अंशी ते घडलेही आहे. २००१ साली विंबल्डनने गवताचे मिश्रण बदलून केवळ राय गवत पेरले. कोर्टे टणक झाली, चेंडू अधिक उसळू लागला. त्या वर्षीची अंतिम लढत इव्हानिसेविच आणि राफ्टर या जाळ्याकडे धावणाऱ्या दोघांत झाली. पुढल्याच वर्षीची ह्युइट आणि नालबांदियान या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या दोघांत. एकट्या गवताला हा दोष देता येणार नाही, रॅकेटच्या नव्या तारांचाही त्यात वाटा आहे. तथापि भूमीतील भेद पुसट झाल्यावर सर्व्हिस-व्हॉलीची एक समृद्ध शैली हळूहळू मावळली, एवढे खरे.

माझ्या व्यवसायाला ही घटना अस्वस्थ करणारी आहे. तौलनिक साहित्याच्या वर्गात मराठी, कन्नड, बंगाली या भाषांतील कृती आम्ही बहुधा इंग्रजी अनुवादातून शेजारी ठेवतो आणि त्या भूमीला तटस्थ म्हणतो. पण हार्ड कोर्ट हीही एक भूमीच असते. तीही कोणाला साथ देते, कोणाला देत नाही. बोलीच्या उसळीवर जगणारी कादंबरी तेथे बुटकी होते. कथानकाच्या वेगावर चालणारी तरते. अभ्यासक्रम आणि पुरस्कार या निकालांवर ठरतात. उद्या लेखकही त्याच भूमीसाठी लिहू लागले, तर एखादी शैली मावळल्याचे आपल्या ध्यानातही येणार नाही.

अशा वेळी मला पंडिता क्षमा राव आठवतात. शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या मुंबईत टेनिसपटू म्हणून नावाजलेली होती, आणि संस्कृत कवयित्रीही. त्यांची कन्या लीला हिने १९३४ साली विंबल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकला. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. क्षमाबाईंनी तुकारामांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले. देहूचा वाणी त्यांनी गीर्वाणवाणीच्या भूमीवर उतरवला. त्या काव्यात तुकोबांचे काय टिकले आणि काय निसटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यावरून तुकोबा थोर की संस्कृत थोर, हा मात्र नाही.

भूमी म्हणजे सर्वस्व, असे मला म्हणावयाचे नाही. बोर्गने १९७८ ते १९८० अशी ओळीने तीन वर्षे, काही आठवड्यांच्या अंतराने, पॅरिसची माती आणि विंबल्डनची हिरवळ दोन्ही जिंकली. असे खेळाडू असतात, आणि भाषांतर पचवणारे कवीही असतात. परंतु त्यांच्या थोरवीचा अर्थ तरी भूमी वेगळ्या होत्या म्हणूनच कळतो. मास्तरांना मी अलीकडे एवढेच सांगतो की निकाल देताना कंसात कोर्टाचे नाव लिहावे. माझ्या विद्यार्थ्यांनाही माझे तेच सांगणे आहे.