गर्दी थांबते, प्रश्न आहे, कुणासाठी?

‘माणुसकीच राहिली नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. रस्त्यात कुणी तडफडत पडले, कुणाला मारहाण झाली आणि लोक मोबाईल काढून बघत उभे राहिले, की दुसऱ्या दिवशी हेच वाक्य ऐकू येते. बोलणाऱ्यालाही ते सोयीचे असते. त्यात सगळेच दोषी ठरतात, म्हणून कुणीच दोषी ठरत नाही. मला हे वाक्य मान्य नाही. माणुसकी संपलेली नाही. ती वाटून दिलेली आहे, आणि ही वाटणी कशाच्या आधारावर झाली हे आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

एम. ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्हाला न्यूयॉर्कच्या किटी जेनोव्हीजची गोष्ट सांगितली गेली. १९६४ साली तिचा खून झाला आणि ३८ शेजारी नुसते बघत राहिले, असे तिथल्या वर्तमानपत्राने छापले. त्यावरून डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. पलीकडच्या खोलीत कुणाला तरी झटका आला आहे आणि ते आपण एकटेच ऐकतो आहोत, असे ज्यांना वाटले त्यांच्यापैकी ८५ टक्के लोकांनी तातडीने मदत मागवली. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. निष्कर्ष असा की गर्दी वाढली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कुणीतरी बघेल.

प्रयोग खोटा नाही. पण ३८ जणांची ती गोष्ट फुगवलेली होती, हे पुढे त्याच वर्तमानपत्राने मान्य केले. एक शेजारीण तर धावत खाली आली होती आणि तिने किटीला जवळ घेतले होते. २०१९ साली लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण अभ्यासले गेले. दहापैकी नऊ भांडणांत बघणाऱ्यांपैकी किमान एकाने तरी मध्ये पडून काहीतरी केले होते. म्हणजे माणसे थांबतात. मग आपण विचारायचा प्रश्न ‘लोक का थांबत नाहीत’ हा नाही. लोक कुणासाठी थांबतात, हा आहे.

याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका साध्या प्रयोगात आहे. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस मुद्दाम घसरून पडला. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट होता तेव्हा बहुतेक सगळे मदतीला गेले. लिव्हरपूलचा किंवा साधा शर्ट होता तेव्हा थोडेच गेले. दुसऱ्या खेपेला चाहत्यांशी आधी संघाबद्दल न बोलता एकूण फुटबॉलच्या प्रेमाबद्दल बोलले गेले. या वेळी लिव्हरपूलच्या शर्टालाही मदत मिळाली. साधा शर्ट मात्र तसाच पडून राहिला. पाय तोच, वेदना तीच. फरक होता तो ‘आपला’ या शब्दाच्या व्याप्तीचा.

तिथे शर्ट बघतात, इथे जात विचारतात. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ सालचा प्रसंग लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली पोरे बघून स्टेशनमास्तर स्वतःहून चौकशीला आला. म्हणजे तो दगड नव्हता, तो थांबला होता. मुलांनी आपण महार असल्याचे सांगितले आणि त्याचा चेहरा बदलला, तो निघून गेला. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीसुद्धा मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, या अटीवर. डार्ली-लातानेच्या कोणत्याही तक्त्यात हा स्टेशनमास्तर बसत नाही. तो गर्दीत नव्हता. त्याला वेळ होता आणि कळवळाही होता. त्या कळवळ्याला कुंपण होते. जातीने हिंदूंची सार्वजनिक वृत्ती मारली, त्यांची सहानुभूती जातीपुरती उरली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले, त्यामागे असे अनुभव होते.

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. सामाजिक कामानिमित्त मी मराठवाड्यात फिरत असतो. दोन वर्षांपूर्वी एका राज्य मार्गावर मजुरांचा टेम्पो उलटला. मी पोहोचलो तेव्हा वीस-पंचवीस माणसे जमलेली होती आणि दोघे जण एका बाईला उचलायला वाकलेले होते. तेवढ्यात एकाने विचारले, “कुठले हाय तुमी? कोणाचे?” बाई म्हणाली, “पारधी हाय, दादा.” वाकलेले हात सरळ झाले. “पोलिसांचं लचांड होईल” असे कुणीतरी म्हणाले आणि सगळ्यांना कारण सापडले. मी १०८ला फोन लावला, पण त्याआधी एक कांद्याची पिकअप थांबली. चालकाने काही न विचारता मागच्या गोण्या सरकवल्या आणि आम्ही जखमींना आत घेतले.

पोलिसांचे लचांड हे कारण आता कायद्यानेही उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही. हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे.

पण हा कायदा अपघातापुरता आहे. अत्याचाराच्या वेळी उभ्या असलेल्या गावाचे काय? २०१४ साली खर्ड्यात आपल्या एका शाळकरी पोराचा जीव गेला. दिवसाढवळ्या, शाळेच्या आवारापासून त्याला मारत नेले, असा खटला होता. न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सगळे आरोपी निर्दोष सुटले. बघ्याची भूमिका घटनेच्या दिवशी संपत नाही, ती साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत चालते. ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ त्यासाठीच आले. साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च मिळणे हा त्याचा हक्क आहे. आपण मोर्चाला हजारोंनी जातो. तारखेला साक्षीदारासोबत किती जण जातो?

आता आपल्याबद्दल. एका शिबिरात मी पोरांना विचारले, रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर थांबाल का? एक जण चटकन म्हणाला, “आपला असला तर शंभर टक्के.” सगळे हसले, टाळ्याही पडल्या. त्या पोराचा राग मला कळतो. आपल्यासाठी कुणी थांबले नाही, मग आपण का थांबावे? पण हे उत्तर स्टेशनमास्तरचेच आहे, फक्त शर्ट बदललेला आहे. पारधी, भटके, बिहारहून आलेला बांधकाम मजूर, हे आपल्या ‘आपला’मध्ये बसतात का? बसत नसतील तर आपण कुंपण तोडले नाही, दुसऱ्या जागी हलवले.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे का बघत नाहीत, असे बुद्धांनी विचारले. मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून, असे त्याने सांगितले. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. या साऱ्यात त्याचे कूळ कुणी विचारले नाही. आपण वंदनेत ज्या मैत्रीचे नाव घेतो, ती ही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गर्दीत ‘कुणीतरी मदत करा’ असे ओरडू नका. समोरच्या एकाकडे बोट करा, “निळा शर्ट, दादा, तुम्ही १०८ला फोन लावा” असे सांगा. जबाबदारी एकाच्या अंगावर पडली की तो हलतो. कलम १३४-अ आणि १५-अ वस्तीतल्या फलकावर लिहा. आणि पडलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘कुठं लागलं?’ हा विचारा. ‘कोणाचा?’ हा प्रश्न या देशाने आपल्याला पुष्कळ विचारला आहे. आपल्या तोंडून तो पुन्हा निघता कामा नये.

जय भीम.