रूळ गेले, वाट राहिली

सायकल हे मोठे विनम्र वाहन आहे. ते धूर सोडीत नाही, गर्जना करीत नाही आणि स्वाराच्या पायांत जेवढे बळ असेल तेवढ्यावरच समाधान मानते. परंतु हमरस्त्यावर ह्या गरीब वाहनाची केवढी कुचंबणा होते! मागून मोटारीचा भोंगा वाजला की अंग चोरून कडेच्या धुळीत उतरायचे आणि मोटार गेली की पुन्हा वर यायचे. तुमच्यापैकी जे सायकलवरून शाळेत जात असतील त्यांना हा अनुभव नित्याचाच असेल. अशा वेळी आपले डोळे पुढे असतात, पण कान सारे मागे लागलेले असतात. वाटेतला आंबा मोहरला आहे की नाही, हे पाहण्याइतके मन मोकळे राहतच नाही.

म्हणून, ज्यावर मोटारींना मज्जाव आहे असा कित्येक कोसांचा सलग मार्ग फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात आहे असे कळले, तेव्हा मला त्याचे विलक्षण आकर्षण वाटले. मे महिन्यातल्या एका प्रसन्न सकाळी मी जिव्री नावाच्या गावी भाड्याने सायकल घेतली, कॅरिअरला पडशी बांधली आणि दक्षिणेकडे निघालो. मला क्लूनीला व तेथून पुढे माकों शहराकडे जायचे होते.

मार्गाच्या तोंडाशीच एक निळी पाटी होती. तिच्यावर पायी चालणारी माणसे, सायकल आणि घोडेस्वार ह्यांची पांढरी चित्रे होती. हा मार्ग कोणाचा, हे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही त्या पाटीवरून कळावे. फ्रेंच लोक अशा मार्गाला ‘हिरवी वाट’ म्हणतात. २००४ साली तेथील वाहतुकीच्या कायद्यात ह्या नावाची रीतसर व्याख्या झाली आणि पादचारी, घोडेस्वार व इंजिन नसलेली वाहने ह्यांच्यासाठीच ती वाट राखून ठेवण्यात आली. जिव्री ते क्लूनी हा सुमारे ४४ किलोमीटरांचा टप्पा त्याच्याही आधी, १९९७ साली, खुला झाला होता. फ्रान्समधली पहिली हिरवी वाट म्हणून तो ओळखला जातो.

थोडे अंतर गेल्यावर मला एका गोष्टीचे नवल वाटू लागले. दोन्ही बाजूंना द्राक्षमळ्यांच्या टेकड्या होत्या, पण माझ्या वाटेला म्हणण्यासारखा चढ नव्हता. वळणेही अशी सौम्य की हँडल किंचित कलते करावे आणि वळण केव्हा संपले ते कळू नये. पुढे ब्यूसी गावी जुन्या स्टेशनाची इमारत दिसली आणि ह्या सुखाचे कारण डोळ्यांसमोर आले. ही वाट म्हणजे एके काळचा लोहमार्ग होता! वाफेच्या इंजिनाला अवजड गाडी ओढीत तीव्र चढ चढणे जमत नसे. म्हणून लोहमार्ग बांधणारे लोक उंचवटा आला तर तो खोदीत, खळगा आला तर भराव घालीत आणि शंभर मीटर अंतरात दोन-तीन मीटरांहून अधिक चढ सहसा येऊ देत नसत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारी वाढल्या, गाडीला उतारू मिळेनासे झाले आणि ह्या मार्गावरची वाहतूक थांबली. रूळ उचलले गेले. परंतु इंजिनासाठी केलेली ती सारी मेहनत जमिनीत तशीच शिल्लक होती. तिच्यावर गुळगुळीत डांबर पसरल्यावर तिचा लाभ सायकलस्वाराच्या गुडघ्यांना मिळू लागला.

शालों शहराच्या बाजूला ह्याच प्रकारची दुसरी वाट आहे. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस सोन आणि ल्वार ह्या नद्यांना जोडणारा कालवा बांधण्यात आला. काठावरून चालणारी माणसे व जनावरे दोरांनी नावा ओढीत नेत. ओढणाऱ्यांसाठी केलेल्या त्या काठावरच्या वाटेने आता सायकली जातात. जुन्या लोकांनी एका कामासाठी केलेले कष्ट अशा रीतीने दुसऱ्याच कामी येतात.

ब्यूसी मागे पडले तसे द्राक्षमळे विरळ होत गेले आणि कुरणे लागली. त्यांत ह्या भागातली प्रसिद्ध पांढरी, धष्टपुष्ट गुरे चरत होती. बांधांवर रानटी खसखशीची लाल फुले डोलत होती. कोकिळेसारखा एक पक्षी झाडीत दडून दोनच सूर पुन्हा पुन्हा काढीत होता. हे सारे मी पाहू आणि ऐकू शकलो, कारण मागे भोंगा वाजत नव्हता. कितीतरी वेळाने माझ्या ध्यानात आले की आपण मागे वळून पाहण्याचे विसरूनच गेलो आहोत.

ह्याच फ्रान्समध्ये १९०३ सालापासून जगप्रसिद्ध सायकलशर्यत भरत आली आहे. तिच्यातले वीर विजेच्या वेगाने डोंगर ओलांडतात. हिरव्या वाटेवरचे स्वार मात्र अगदी निराळे. एक वृद्ध जोडपे शेजारी शेजारी सायकली चालवीत, सावकाश बोलत चालले होते. एक बाई मुलाला मागच्या छोट्या गाडीत बसवून नेत होती. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, पाठीला दप्तर लावून, एकटीच माझ्यापुढून गेली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशही नव्हता. मोटाररस्ता जेथे वाटेला छेदून जात होता तेथे ती उतरली, तिने दोन्ही बाजूंना पाहिले, रस्ता ओलांडला आणि ती पुन्हा पायडल मारीत निघून गेली. तिला पाहिल्यावर ह्या वाटेचे खरे मोल मला कळले. माझ्यासारख्या प्रवाशाला तिने दोन दिवसांचा आनंद दिला असेल, पण त्या मुलीला रोजचे स्वातंत्र्य दिले होते.

सें-जांगू गावाजवळ बाकावर एक आजोबा बसले होते. माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी त्यांना वाट फार सुंदर असल्याचे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “सुंदर आहे खरी; पण मी लहानपणी आजोळी जात असे तो ह्याच मार्गाने, आगगाडीत बसून. गाडी बंद झाली तेव्हा गाव कसे सुनेसुने वाटले! आता नातवंडे येथे सायकल शिकतात. पुन्हा आवाज ऐकू येतो.” त्यांचे बोलणे ऐकून मला बरे वाटले आणि थोडी हुरहुरही लागली. गेलेली गाडी वाटेने परत आणली नव्हती. गावाचे काही गमावले होते आणि काही कमावलेही होते.

कोर्मातेंचा खंदकाने वेढलेला वाडा बाजूला ठेवून संध्याकाळी मी क्लूनीला मुक्काम केला. इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या येथील मठाचे चर्च एके काळी ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. पुढे रोमला सेंट पीटरचे नवे चर्च उभे राहिले, तेव्हाच त्याचा तो मान गेला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ही वास्तू विकली गेली आणि लोकांनी तिचे दगड इमारतींसाठी नेले. आज तिचा थोडासाच भाग उभा आहे. त्या उंच भिंतींखाली उभा असताना मला दिवसभराची वाट आठवली. वापरातून गेलेली वस्तू मोडून टाकणे सोपे असते. तिला नवे काम देण्यास कल्पकता लागते.

दुसऱ्या दिवशी क्लूनीच्या पुढे एक टेकडी आडवी आली. तिच्या पोटातून आगगाडीचा जुना बोगदा जातो. त्याची लांबी सुमारे १६०० मीटर आहे. आत मंद दिवे आणि सुखद गारवा होता. हा बोगदा हिवाळ्यात बंद ठेवतात. कारण त्या दिवसांत वटवाघळे तेथे दीर्घ निद्रा घेतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून त्या काळात सायकलस्वारांनी टेकडी चढून पलीकडे जायचे, असा नियम आहे. मला ही व्यवस्था फार आवडली. मोटारींनी सायकलीसाठी वाट सोडली आणि सायकलीने वटवाघळांसाठी सोडली. ज्याच्या अंगी बळ अधिक त्याने दुर्बळासाठी थोडे बाजूला व्हावे, एवढेच त्यामागचे सूत्र आहे.

एखाद्या देशाचे रस्ते किती रुंद आहेत आणि त्यांवरून वाहने किती वेगाने धावतात, ह्याची मोजमापे पुष्कळ होतात. माझ्यापुरते मी आता एक माप ठरविले आहे. दप्तर लावून एकटी निघालेली मुलगी ज्या रस्त्याने निर्धास्तपणे घरी पोचते, तो रस्ता चांगला.