दिडकीचे यंत्र

छंद हा शब्द मराठीच्या अध्यापकाला दोन ठिकाणी लागतो: वर्गात काव्यशास्त्र शिकवताना आणि घरी, पगारातले दोन हजार कुठे गेले हे सांगताना. माझ्याकडे ११ शाईपेने आणि ४ जुनी गणनयंत्रे आहेत. खऱ्या संग्राहकाला ही संख्या ऐकून हसू येईल. मात्र यांतले काहीही काचेआड नाही, सगळे वापरात आहे, एवढे माझ्या बाजूने नोंदवावे. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला कॉलेजात जाताना एस.टी. जे हेलकावे देते, त्यांत शाईपेन निब वर करून उभेच ठेवावे लागते, हे ज्ञान मला सदऱ्यांच्या खिशांनी दिले.

पेने बहुतेक देशी आहेत. एबोनाइटचा जाड दांडा, आटे फिरवून उघडायचा आणि ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची. शाई निम्म्याच्या खाली गेली की तळहाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबातून एक टपोरा थेंब नेमका महत्त्वाच्या ओळीवर पडतो. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी घडवलेल्या अशाच देशी पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये त्यांना आभाराचे पत्र पाठवले होते. आपल्याकडे १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईची पूड विकायला सुरुवात केली; त्या उद्योगाचे पुढे कॅम्लिन झाले. ‘झरणी’ हा देखणा मराठी प्रतिशब्द मात्र कुणाच्या खिशात फार काळ राहिला नाही. दुकानात आपण शाईपेनच मागितले. लाल शाईच्या पेनाने उत्तरपत्रिका तपासताना माझा वेग निम्म्यावर येतो. निब कागदावर ओरखडत नाही, त्यामुळे शेराही ओरखडत नाही, असा माझा समज आहे. विद्यार्थ्यांचे मत अजून विचारलेले नाही.

पण अधिक सांगायचे आहे ते फॅसिटविषयी. स्वीडनचे हे हातयंत्र इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर येईपर्यंत, म्हणजे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, कार्यालयांच्या टेबलांवर खडखडत असे. माझे चोरबाजारातल्या एका शुक्रवारी मिळाले आणि कसारा लोकलने आसनगावपर्यंत मांडीवर बसून आले. वजन पाट्या-वरवंट्याच्या जातीचे. कळांनी आकडा मांडायचा आणि उजवीकडचे हँडल फिरवायचे. एक फेरी म्हणजे एक बेरीज. २४७ गुणिले ३६ करायचे तर सहा फेऱ्या, मग एक घर सरकवून तीन फेऱ्या. नऊ फेऱ्यांत ८८९२. भागाकारात हँडल उलटे फिरवायचे. वजाबाकी शून्याखाली गेली की आत घंटा वाजते. मग एक फेरी सुलट देऊन पुढचे घर. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज, हे शाळेत ऐकलेले वाक्य इथे मनगटाला कळते.

साहित्याच्या वर्गात हे यंत्र नेले ते पाढ्यांसाठी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे शब्द जुन्या आत्मचरित्रांत येतात आणि आजचे विद्यार्थी त्यांवरून घसरून जातात. रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर होते तेव्हा अपूर्णांकांचे पाढे ही रोजची गरज होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू आजोबांच्या तोंडी उरले. एवढे सांगून मी दिडकी लावून दाखवत होतो.

मागच्या बाकावरच्या, माळशेजकडच्या एका ठाकूरवाडीतल्या मुलाने विचारले, “सर, यावर दिढी होते का?”

दिढी म्हणजे काय हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक होते. आषाढात घरातले भात संपले की सावकाराकडून खावटी आणायची आणि सुगीला दीडपट परत करायची. राहिले तर त्याच्यावर पुन्हा दीडपट. ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात या कर्जापायी माणसे गडी म्हणून बांधली गेली. लग्नासाठी पैसे घेऊन राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ असा शब्दच होता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांनी सरकारला दिलेल्या अहवालात हे कर्ज आणि ही गुलामी नोंदलेली आहे. वेठबिगारी बंद करणारा केंद्रीय कायदा १९७६ चा. इथल्या कितीतरी घरांत शाई पहिल्यांदा लागली ती अंगठ्याला. माझ्या कपाटातल्या वस्तू, वहीतला आकडा आणि तो मांडणारे पेन, टेबलाच्या पलीकडच्या बाजूच्या होत्या. त्यांच्या देखणेपणाविषयी मी जे बोलत होतो, ते अलीकडच्या बाजूने कसे ऐकू येत असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. त्यांवरचे प्रेम त्याने उणावले, असेही म्हणवत नाही.

आम्ही हिशेब लावला. चार मण भात, तीन वर्षे फेड नाही. १५ मांडून त्याने चार फेऱ्या दिल्या: सहा मण. पुसून सहा फेऱ्या: नऊ मण. पुन्हा पुसून नऊ फेऱ्या: साडेतेरा. प्रत्येक फेरीला दीड मण भात. शेवटच्या नऊ फेऱ्यांत वर्गात कुणी बोलले नाही. यंत्राचा आवाज तेवढा होता.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, आजीला विचारले. ती शाळेत गेलेली नाही. चार मण, तीन वर्षे, एवढे म्हणताच ती “साडेतेरा” म्हणाली. मग तिने त्याला विचारले, “देतानाची पायली येगळी आन् घेतानाची येगळी. ते तुमच्या सराच्या मशीनीत बसतंय का?”

त्याने आता प्रकल्पासाठी वाडीतून मापांचे शब्द गोळा करायला घेतले आहेत: शेर, अधोली, पायली, मण, आणि त्यांच्या खोट्या रूपांची वाडीतली नावे. माझे एक पेन त्याच्याकडे आहे. ड्रॉपरही नेला आहे.