काढणे आणि काढून टाकणे

मराठीत ‘गाडी काढणे’ याचे निदान तीन अर्थ आहेत. सकाळी दारातली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे गाडी काढणे. शोरूममधून नवी कोरी गाडी घरी आणणे म्हणजेही गाडी काढणे. आणि त्यापुढे ‘टाकणे’ हे एवढेसे क्रियापद जोडले की त्याच गाडीला कायमचा निरोप. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना याची गंमत दुहेरी वाटते, कारण घराबाहेर पडले की हिंदीतही तोच प्रकार: ‘गाड़ी निकाल ली’ आणि ‘गाड़ी निकाल दी’. ‘ली’ आणि ‘दी’ यांत अंतर एका अक्षराचे. ते अंतर तोडायला मला चोवीस वर्षे लागली.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००, पांढऱ्या रंगाची, मार्च २००१ मध्ये उज्जैनला नोंदलेली. आज तिचे कौतुक सांगितले तर तरुण मंडळी हसतात. पण १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हापासून जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंतची तीस वर्षे, पगारदार माणसाची ‘गाडी’ म्हणजे हीच. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. चौघांची बसायची सोय आणि सहाजणांचा प्रवास. सामान किती, याला हिशेब नाही.

उज्जैनच्या मराठी घरांत गाडीला आणखी एक काम असते. आमचे पूर्वज शिंदेशाहीत इकडे आले. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मागे राहिलेली घरे राहिलीच. घरात मराठी, अंगणापलीकडे हिंदी आणि बाजारात माळवी, अशी आमची वाटणी. मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी. त्यांच्या कानांवर मराठी पडायची ती आजीची, आणि ती कमी पडू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी कुलदेवतेच्या निमित्ताने तुळजापूर. धुळ्यापर्यंतचा रस्ता इंदूर, सेंधवा आणि मग बिजासनचा घाट. घाट उतरला की महाराष्ट्र, आणि महाराष्ट्रातले पहिले गाव पळासनेर.

या गावाच्या नावात ‘ळ’ आहे. हिंदीच्या पाटीवर हे अक्षर भेटत नाही. आमच्या मुलांना ते फक्त आजीच्या तोंडून ऐकू येई. म्हणून गाडीत एक खेळ सुरू झाला: पाटीवरचा पहिला ‘ळ’ कोण पाहतो? सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास झोपा काढणारी पोरे घाट लागला की खडबडून उठायची आणि मागच्या सीटवरून पुढे डोकी खुपसायची. पुढे धुळ्यात, चाळीसगावात आणि तुळजापुरातही ‘ळ’. वाटेत भेंड्या होत, त्यात हिंदी गाणे चालत नसे. मुलांना मी शिकवलेले मराठी थोडे. त्या गाडीने दहा-बारा तास कोंडून ठेवून शिकवलेले पुष्कळ. आज मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचा ‘ळ’ शुद्ध आहे, आणि त्याचे श्रेय मुख्याध्यापक बापाला कोणी देत नाही.

तेव्हा गाडी जुनी झाली, आता काढून टाका, असे कोणी म्हटले की मला ते केवळ लोखंडाविषयीचे बोलणे वाटत नसे.

बोलणारे मात्र वाढत चालले होते. २०२४ पासून उज्जैनला विक्रमोत्सवाच्या सुमारास व्यापार मेळा भरू लागला. ग्वाल्हेरच्या मेळ्याची परंपरा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेली. तिथली वाहन करातली सवलत आमच्याकडेही आली. मेळ्यात गाडी घ्या, निम्मा कर माफ. आमच्या कॉलनीत दोन वर्षांत पाच नव्या गाड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या रांगेत आमची पांढरी म्हातारी. शेजारी म्हणत, “सर, अब तो निकाल ही दो.”

मी हिशेबी माणूस. पहिल्या दिवसापासून गाडीची वही ठेवलेली: कुठे पेट्रोल भरले, किती किलोमीटर झाले, काय दुरुस्ती झाली. म्हटले, वहीलाच विचारू. एकूण धाव दोन लाख बारा हजार किलोमीटर. पूर्वी लिटरला एकोणीस देणारी गाडी आता तेरावर आलेली. गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीला एकसष्ट हजार गेले, आणि बाजारात गाडीची किंमत पस्तीस हजार. किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त झाली की गाडी विकावी, असा एक ठोकताळा सांगतात. पण तोच आकडा महिन्यांवर वाटला तर महिन्याला सतराशे रुपये पडतात. सतराशे रुपयांत कोणत्या नव्या गाडीचा हप्ता बसतो? जुन्या गाडीचे पैसे केव्हाच फिटलेले असतात, त्यामुळे हिशेब नेहमी तिच्याच बाजूने साक्ष देतो. अंकगणित कधीच म्हणत नाही की आता पुरे.

कायद्याकडे पाहिले. मुंबईत हा प्रश्न कायद्याने सोडवला: टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्याला ‘केव्हा’ हे ठरवावे लागले नाही. तारीख ठरलेलीच होती. आमच्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे. २०१६ मध्ये एकदा, २०२१ मध्ये दुसऱ्यांदा केली. २०२६ च्या मार्चात पुन्हा मुदत संपणार होती. नूतनीकरणाचे शुल्क, जे पूर्वी सहाशे होते, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. कायदा ‘नको’ म्हणत नव्हता. नुसता दर वाढवून विचारत होता, अजून हवीच आहे का?

मग मेकॅनिककडे गेलो. हा गृहस्थ वीस वर्षे आमच्या गाडीचा वैद्य. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली शिरला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकत राहिला. चांगला पत्रा टणटण वाजतो. ड्रायव्हरच्या पायांखाली मात्र ठक ठक असा मेलेला आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाला, “माटसाब, इंजन तो मैं फिर खड़ा कर दूँगा। पर पतरा गल गया।”

ही गोष्ट वाचकांपैकी जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. जीपसारख्या गाडीला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहतो. मारुतीसारख्या लहान गाडीला वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिनाला नवे पिस्टन, नव्या रिंगा घालता येतात, क्लचप्लेट बदलता येते, पेट्रोलचे रबरी पाइप नवे टाकता येतात. पण तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या की वरून मारलेले वेल्डिंग म्हणजे फाटक्या धोतराला नवे ठिगळ. धडक बसली तर ठिगळाच्या कडेनेच फाटणार. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. आमच्या गाडीत दोन्ही नव्हते. तिच्यात बसलेल्याचे रक्षण करायला होता तो एक पत्राच.

तरीही मी तीन महिने काही केले नाही. आणि एका रात्री वही पुन्हा चाळताना, रुपयांचे आणि किलोमीटरचे रकाने सोडून मी पहिल्यांदाच गावांचा रकाना सलग वाचला.

२००२: तुळजापूर. २००४: तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर. २००९: पुणे. २०१३: तुळजापूर, आणि पुढे कंसात ‘कन्नड घाटात पाणी उकळले’. त्यानंतर तुळजापूर नाही. २०१५ ते २०१८ फक्त धुळे. २०१८ नंतर बिजासनचा घाट नाही. पुढे इंदूर, इंदूर, इंदूर. २०२२ नंतर इंदूरही विरळ. फ्रीगंज, मंगलनाथ, स्टेशन. शेवटच्या वर्षी रात्रीची एकही नोंद नाही.

ही गाडी आम्हाला कुठे कुठे नेते हे मी चोवीस वर्षे लिहीत होतो. आम्ही कुठे जायचे सोडून दिले, तेही त्याच शाईत आपोआप लिहिले गेले होते. ज्या रस्त्यासाठी मी तिला धरून बसलो होतो, त्या रस्त्यावर ती सात वर्षे गेलेलीच नव्हती. वाहन म्हातारे झाले हे मीटरवरून कळत नाही, आपल्या आक्रसलेल्या नकाशावरून कळते. वाहनाच्या सोयीने आपण रस्ते निवडू लागलो की समजावे, त्याचे काम संपले.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला डोळ्यांच्या तपासणीसाठी वर्षातून आठ-दहा वेळा इंदूरला न्यावे लागते. सिंहस्थ २०२८ साठी तो रस्ता सहापदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. तेव्हापासून वळणे, डंपर आणि धूळ. पत्नी आदल्या रात्री विचारी, “अहो, उद्या टॅक्सी सांगायची ना?” आणि मी “हो” म्हणे. गाडी दारात उभी असताना. निर्णय घरात कधीच झाला होता; उच्चारायचा तेवढा राहिला होता.

पितृपक्षात आईनेच तो उच्चारला. “या दिवसांत नवं काही आणत नाहीत,” ती म्हणाली, “पण जुनं द्यायला कोणी अडवलंय? तुझ्या वडिलांनीसुद्धा एवढी वर्षं सायकल धरून ठेवली नव्हती.”

आता प्रश्न उरला, द्यायची कोणाला? माझा एक जुना विद्यार्थी मुलांना शाळेत ने-आण करण्याचा धंदा करतो. तो पस्तीस हजार रोख घेऊन आला. गॅस किट बसवून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारीन म्हणाला. मी त्याला सडलेला पत्रा दाखवला. तो नम्रपणे म्हणाला, “सर, आपके लिए ख़राब है। हमारे लिए तो चल जाएगी।”

हे वाक्य मला अजून सोडत नाही. त्यात उपहास नव्हता, साधा हिशेब होता. जुन्या वस्तू अशाच खाली उतरत जातात: वापरलेले कपडे, वापरलेली पुस्तके, वापरलेल्या गाड्या. कपड्यांचे ठीक आहे. पण ज्या गाडीत मी माझ्या आईला बसवायला धजत नाही, तिच्यात आठ-नऊ पोरे कोंबलेली मी रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभा राहून पाहायची? मी त्याला नाही म्हटले. तो रागावला नाही. फक्त त्याला कळले नाही. पंधरा दिवसांत त्याने दुसरी जुनी व्हॅन घेतली. ती फाटकाशी आली तेव्हा मी तिचे फिटनेसचे कागद मागितले, ते होते. वाकून तळही ठोकून पाहिला. टणटण वाजला. पोरे हसत होती.

आमची गाडी नोंदणीकृत भंगार केंद्राकडे गेली. २०२१ च्या धोरणानंतर ही सोय झाली: केंद्र गाडी मोडते, तसे प्रमाणपत्र देते, नोंदणी रद्द होते, आणि त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. मला सोळा हजार मिळाले. म्हणजे एकोणीस हजारांचा तोटा. वहीत तो मी दुरुस्तीच्या रकान्यात मांडला. दुसरा रकाना सुचला नाही.

हरपाल सिंगांनी आपली पहिली मारुती मरेपर्यंत सोडली नाही, आणि पुढे ती दुरुस्त होऊन कंपनीच्या मुख्यालयात मांडली गेली. पहिल्या गाडीला तो मान शोभतो. बाकीच्या लाखो गाड्यांना म्युझियम नाही. त्यांचे लोखंड वितळवून कामाला लावणे हाच त्यांचा मान.

नव्या गाडीची घाई नाही. इंदूरला टॅक्सीने जातो. वर्षाचा खर्च विमा, दुरुस्ती आणि पेट्रोल यांच्या बेरजेहून कमीच भरतो. पण तुळजापूर बारा वर्षे राहिले आहे. मुलीने तिचा चार वर्षांचा मुलगा घेऊन उन्हाळ्यात यायचे कबूल केले आहे. इंदूरहून बसने निघायचे. नातवाला खिडकीची जागा द्यायची आणि घाट उतरू लागला की सांगायचे, बाळा, पाटी बघ. ‘ळ’ शोधायला गाडी स्वतःची असावी लागत नाही.