नेहमीचा वास

पेट्रोलचा वास मला लहानपणापासून आवडतो. चारचौघांत सांगण्यासारखी ही आवड नाही, हे कळायच्या आधीपासून आवडतो. बाबांची चेतक पंपावर उभी राहिली, सीट वर झाली आणि टाकीचं झाकण निघालं, की मी हळूच तोंड जवळ न्यायचो. पंपवाला टूटी ऑइलचं माप ओतायचा, मग पेट्रोल. दोन्हींचा मिळून येणारा वास माझ्यासाठी रविवारचा होता, कारण आम्हा सगळ्यांना घेऊन स्कूटर निघायची ती रविवारीच. लग्नसराईत आईचा शालू लाँड्रीतून 'पेट्रोल वॉश' होऊन यायचा, त्याच्या घड्यांतही तोच वास, जरा विरलेला. रॉकेलचा मात्र तिटकारा. रेशनचं निळं रॉकेल स्टोव्हमध्ये घालताना हाताला लागलं, तर साबण लावूनही जेवताना घासाघासाला जाणवायचं.

बाबांचं नाक तयार होतं. पेट्रोलात भेसळ आहे असं वाटलं, की ते बोटावर थेंब घेऊन हुंगायचे आणि थांबायचे. पेट्रोल बघता बघता उडतं, रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो. हिवाळ्यात सकाळी स्कूटर लागली नाही, की ती एका अंगावर झुकवून पुन्हा किक मारायची, आणि कच्च्या पेट्रोलचा भपकारा आला की किक मारणं बंद. "प्लग ओला झाला," एवढं बोलून पान्याच्या शोधात आत. मीटर नाही, दिवा नाही, निदान नाकाने.

माझ्याकडे आज जी पद्मिनी आहे ती सासऱ्यांची. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेरीला टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. आमची नाशिकमध्ये अजून भाजीला जाते. तिला तिचे स्वतःचे वास आहेत. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल जास्त, हवा कमी. गार सिलिंडरमध्ये ते सगळं जळत नाही आणि उरलेलं सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. लांबून येऊन इंजिन बंद केलं, की तापलेल्या कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडत राहतं, तो दुसरा. हल्लीच्या गाड्यांत टाकीतली वाफसुद्धा कोळशाच्या डब्यात शोषून घेतात आणि नंतर इंजिनातच जाळतात, त्यामुळे तिथे वास आला म्हणजे काहीतरी बिघडलंच. जुन्या गाडीत तेवढ्यावर भागत नाही. आलेला वास नेहमीचा की नवा, हे ओळखावं लागतं.

आणि ते ओळखायला रोज गाडी चालवणारा माणूस सर्वांत कुचकामी. नाक कशालाही सरावतं. एका डिसेंबरात निफाडकडे पारा घसरला होता, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्यांचा धूर करायची धावपळ चालली होती. माझ्या शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, हा चोकचा वास नाही. माझं डोकं धरलंय."

थंडीत आपण काचा वर ठेवतो. बॉनेटखाली जे उडतं ते पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत शिरतं आणि आतच कोंडतं. मे महिन्यात तेच खिडकीतून निघून गेलं असतं. तेव्हा गळती थंडीने सुरू केली, की थंडीने फक्त आमच्या लक्षात आणून दिली, हाच पहिला घोळ. दुसरा घोळ गॅरेजच्या वेळेचा. गॅरेज उघडतं दहाला. गाडी तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम, वास नाहीसा. आमचे मेकॅनिक चाचा सगळ्या जोडांवरून बोट फिरवायचे; सगळं कोरडं ठणठणीत. दातदुखी डॉक्टरच्या दारात थांबावी तसं. शेवटी तेच म्हणाले, "साहेब, ही गार असताना बघायला पाहिजे. मीच येतो घरी."

आले. कानटोपी, वर मफलर. बिडी त्यांनी फाटकाबाहेरच विझवली, आणि ते बरोबरच होतं. गारठ्यात पेट्रोल निवांत असतं असं पुष्कळांना वाटतं, पण उणे 40 अंशांतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि हवेहून जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरत जाते. चहाही काम झाल्यावरच घेईन म्हणाले. मग वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या आणि पंप, फिल्टर, कार्बोरेटर अशा प्रत्येक जोडाला एकेक गुंडाळली. मला म्हणाले, "मारा सेल्फ."

इंजिन थरथरत लागलं. चाचा हातातल्या बॅटरीचा झोत एकेका पट्टीवर धरत होते. पंपाकडून कार्बोरेटरला जाणाऱ्या वीतभर नळीच्या टोकाशी कागद आधी करडा झाला, मग पारदर्शक. मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसू लागली. थेंब एकही पडला नाही. थोड्या वेळाने इंजिन तापलं आणि ती पट्टी वाळून पुन्हा होती तशी झाली.

रबर जुनं झालं की कडक होतं. गारठ्यात ते आकसतं आणि क्लिप आवळलेली असूनही पकड सुटते. पंप दाब देऊ लागला की त्या फटीतून पाझर. इंजिनाच्या उबेने रबर मऊ पडून फट मिटते, पाझरलेलं उडून जातं, आणि दहा वाजता दाखवायला काही उरत नाही. मी म्हटलं, क्लिप अजून आवळू. चाचांनी मान हलवली. "आवळली की तिथेच चिरणार." नळी काढून त्यांनी ती माझ्यासमोर वाकवली. बाहेरून धड दिसत होती. वाकवल्यावर आडव्या चिरांची रांग उघडली.

दोष एकट्या थंडीचा नव्हता. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 मध्ये देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत आमच्या जिल्ह्यातलं मनमाड होतं आणि मिरजही. तेव्हा प्रमाण 5 टक्के, आता पंपावर 20. या नळ्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. उसाला गिऱ्हाईक मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, मेहुण्याचा ऊस आहे. पण जुन्या गाडीवाल्याने काय काय बदलावं, हे पंपावर कुणी सांगत नाही.

चाचांनी इंजेक्शनच्या गाड्यांचा जाड होज कापून बसवला, नव्या क्लिपा लावल्या, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्याही न विचारता बदलल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोला मुद्दाम पुढे बसवलं. चोकचा वास आला, तिने तो चालवून घेतला.

टाकीच्या तोंडाशी असलेली मोठी नळी अजून जुनीच आहे. ती मिळायला वेळ लागेल म्हणाले. "तोवर टाकी फुल करू नका." पंपावरचा पोरगा दर वेळी "फुल?" असं विचारतो, आणि मी अर्ध्यावर थांबवतो.