डावं वळण आणि चार हात जमीन



अमेरिकेतली भाची गाडी शिकत होती तेव्हा फोनवर म्हणाली, "मावशी, मला डावीकडे वळायचीच भीती वाटते गं." मला हसू आलं. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळताना समोरची रांग ओलांडावी लागते. आपल्याकडे ती कसरत उजवीकडे वळताना. डावीकडे काय, हँडल फिरवलं की झालं!

माझा हा समज कौंडण्यपुरातच मोडला. कार्तिकाचे दिवस, यात्रेची गर्दी, कापसाच्या ट्रॉल्या. सूर्य कलला होता आणि मला दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं. पुढे शाळेतून परतणारी एक पोरगी सायकलवर होती. मी तिला उजवीकडून मागे टाकलं आणि लगेच डावीकडे आमच्या गल्लीत वळले. ती तिथेच, माझ्या डाव्या अंगाला होती. धडकली, पडली, गुडघा फुटला. माझ्या स्कूटीचा डावा आरसा मिटलेला होता, कारण फाटकातून गाडी आत घेताना तो अडायचा.

तिला मलमपट्टी करून घरी पोचवलं. तिच्या आईसमोर हात जोडले, तर तीच म्हणाली, "जाऊ द्या काकू, लहान लागलं." तोवर सूर्य मावळला होता. त्या रात्री मी उपाशीच झोपले, पण झोप लागली नाही. एक नियम पाळायच्या घाईत मी त्याच्या मुळाशी असलेली अहिंसाच तुडवली होती.

आपले मुनी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. आपल्या शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. मिटलेला आरसा हा माझा प्रमादच.

तेव्हापासून मी वळणाच्या बरंच आधी इंडिकेटर देते, वेग कमी करते आणि डाव्या कडेला येते. पुढे सायकल असेल तर तिच्या मागेच थांबते, आधी तिला जाऊ देते. आरसा पाहते, मान वळवूनही पाहते, कारण आरशात सगळं दिसत नाही. वळताना आधी उजवीकडे झोल घेत नाही. कोपऱ्यावर कुणी रस्ता ओलांडत असेल तर त्याला आधी जाऊ देते.

आणखी एक. ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा एस.टी. डावीकडे वळत असेल तर तिच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत कधीही शिरू नका. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत येतात, ती जागा बघता बघता नाहीशी होते. ड्रायव्हरला आपण दिसतही नाही.

मी बी.कॉम., हिशेबाची सवय. वळणावर थांबण्यात जातात दहा सेकंद. ते वाचवायला गेले आणि दुसऱ्याच्या लेकराच्या नावावर खर्च पडला.

आज गाडी काढाल तेव्हा डावा आरसा उघडा आहे ना, तेवढं पाहा.